विश्लेषण : दोन पांघरुणे घेऊनही पहाटे थंडी का वाजते?

रात्री दहाला पायाने बाजूला सारलेले पांघरूण पहाटे चारला अंगाभोवती आवळून घ्यायचे आणि गुडघे पोटाशी घेऊन उजाडण्याची वाट पाहायची. डिसेंबर-जानेवारीत बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हे घरोघरी चालते. दुसऱ्या दिवशी कपाटातून आणखी एक रग निघतो, तरी पहाट तशीच जाते. याचे कारण बहुतेक वेळा वर काय पांघरले यापेक्षा खाली काय अंथरले यात सापडते. थंडीचे हे दिवस साखर कारखान्यांच्या गळीत हंगामाचेही असतात. याच काळात हजारो ऊसतोड कुटुंबे फडाशेजारच्या कोप्यांमध्ये जमिनीवर झोपतात. त्यांच्यासाठी हा प्रश्न झोपमोडीपुरता राहत नाही.

थंडीची लाट नाही, मग गारठा कसला?

हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असेल, तर थंडीची लाट मानली जाते. पारा थेट ४ अंशांवर किंवा त्याखाली गेला, तरीही ती लाटच. पुण्यात जानेवारी १९३५ मध्ये १.७ अंश तापमान नोंदले गेले होते. तो टोकाचा प्रसंग. एरवी आपल्याकडे दुपारी २८-३० अंश आणि पहाटे १०-१२ अंश, मधूनच काही रात्री एकअंकी, असा हिवाळा असतो. कागदावर तो सौम्यच.

पण आपली घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत. झरोके, जाळीच्या खिडक्या, दाराखालची बोटभर फट, वर पत्रा. युरोपात बाहेर शून्य अंश असले तरी झोपायच्या खोलीत १८ अंश असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यात थंड हवामानाच्या देशांत घरातील तापमान १८ अंशांच्या खाली जाऊ नये असे म्हटले आहे. पत्र्याच्या खोलीत पहाटे बाहेर ११ असतील, तर आत फार तर दोन-तीन अंश जास्त मिळतात. म्हणजे अंथरुणातला माणूस जवळपास बाहेरच झोपलेला असतो.

चार वाजताच जाग का येते?

पहाटेच्या त्या तासाला तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली हवेची. हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते. दिवसभर तापलेली जमीन रात्रभर आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते, ढगांचे झाकण नसल्याने ती परत येत नाही. त्यामुळे सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नसते, ते सूर्योदयाच्या थोडे आधी असते.

दुसरी गोष्ट शरीराची. झोप लागताना शरीर हातापायांकडे जास्त रक्त सोडून आतली उष्णता बाहेर टाकते आणि आतले तापमान सुमारे एक अंशाने उतरते. रात्री दहाला पांघरूण नकोसे वाटते ते म्हणूनच. हे तापमान तळाला जाते ते नेहमीच्या जाग येण्याच्या साधारण दोन तास आधी.

तिसरी गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. झोपेत स्वप्नांचा जो टप्पा असतो, त्यात शरीराची तापमान सांभाळण्याची यंत्रणा जवळपास रजेवर असते. थरथरून ऊब निर्माण करणेही थांबते. हा टप्पा रात्रीच्या उत्तरार्धात लांबत जातो. हवा सर्वांत गार, शरीर सर्वांत थंड आणि पहारेकरी झोपलेला, असा हा मेळ आहे. म्हणून झोपताना पुरेसे वाटलेले पांघरूण हा निकष चालत नाही. दहाला थोडे जास्त वाटेल असे अंथरूण लावायचे आणि वरचा थर हाताशी ठेवायचा.

कालवा, उसाचा फड आणि पत्रा

नीरा डाव्या कालव्याचे पाणी या भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून फिरते आहे. इंदापूरच्या दुसऱ्या अंगाला उजनीचा फुगवटा. बागायती गावांत गारठा जास्त बोचतो, असे सुपे-मोरगावच्या जिरायती भागातून तिकडे मुक्कामाला गेलेले लोक सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. उसाच्या पानांतून दिवसभर पाण्याची वाफ होते, ती उष्णता घेऊन जाते. जमीन दिवसा कमी तापते. रात्री गार, जड हवा ओढ्याच्या आणि नदीच्या सखल भागात येऊन बसते. त्यातच दव. सुती गादी आणि गोधडी हा ओलावा शोषतात. पाणी स्थिर हवेपेक्षा चोवीस-पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे किंचित दमट गोधडीही हाताला गार लागते. सकाळी अकरा ते तीन या वेळात अंथरूण उन्हात टाकायची घरातल्या आजीबाईंची शिस्त या पट्ट्यात पांघरुणाइतकीच महत्त्वाची आहे. सूर्य कलायच्या आत ते आत घ्यायचे, नाहीतर दिवसभराचे ऊन फुकट.

पत्र्याचा प्रकार वेगळा. पातळ पत्रा रात्री आकाशाकडे उष्णता सोडतो आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतो. पहाटे पत्र्याला आतून घाम सुटतो आणि थेंब अंथरुणावर पडतात, ते यामुळेच. त्याखाली झोपलेल्या माणसाच्या अंगाची उष्णता थेट त्या गार पत्र्याकडे जाते, वारा नसला तरी. पत्र्याखाली दोन हात अंतरावर जुने लुगडे किंवा चादर ताणून बांधली, तर हा व्यवहार बराच तुटतो. मच्छरदाणीचाही असाच थोडा उपयोग होतो. इंदापूर-सोलापूरकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत हा त्रास नव्हता. जाड भिंती आणि वरचा मातीचा थर दिवसाची ऊब पहाटेपर्यंत धरून ठेवत. ती घरे पाडून आपण पत्रा आणला, कारण तो स्वस्त होता, गळत नव्हता आणि दर पावसाळ्याआधी माती टाकायची कटकट संपत होती. निर्णय चुकीचा म्हणता येत नाही, पण त्याची किंमत हिवाळ्यात मोजावी लागते.

उष्णता खाली कशी जाते?

झोपलेल्या माणसाचे शरीर साधारण ७०-८० वॉट उष्णता देते, म्हणजे छताच्या एका पंख्याला लागते तेवढी शक्ती. अंथरुणात ऊब आणणारी शेगडी आपणच. पांघरूण स्वतः गरम नसते, ते फक्त ही उष्णता अडवते. अडवण्याचे खरे काम करते ती धाग्यांमध्ये अडकलेली स्थिर हवा.

आता उताणे झोपलेल्या माणसाचा विचार करा. वरचे पांघरूण फुगलेले, हवा धरलेले. खालची सतरंजी किंवा चादर मात्र वजनाखाली दबून कागदासारखी झालेली. तिच्यातली हवा निघून गेली की ती जवळपास निरुपयोगी होते. तिच्याखाली शहाबादी फरशी किंवा सिमेंटचा कोबा. पहाटे फरशी हवेपेक्षा जास्त गार असतेच असे नाही, कित्येकदा ती थोडी उबदारच असते. पण दगड स्थिर हवेच्या तुलनेत पन्नास पटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतो. पाठ, कंबर आणि नितंबांतून तासन्तास उष्णता झिरपत राहते. अशा वेळी वर तिसरा रग घेऊन काही होत नाही, तोच रग घडी करून खाली अंथरला तर फरक त्याच रात्री कळतो.

खाटेवर झोपणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. कापसाची किंवा फोमची चार बोटे जाड गादी असेल, तर खालची बाजू सुरक्षित. पण नुसती बाज किंवा नवारीची खाट आणि तीही पडवीत, म्हणजे खालून वारा फिरणार. उन्हाळ्यात जी सोय, तीच आता अडचण. शेतावर राखणीला बाजेवर झोपणाऱ्याने आधी बाजेवर जाड काहीतरी घालावे, मग अंगावरचे बघावे. आणि उघड्यावर झोपायचेच असेल, तर लिंबाखाली किंवा छपराखाली. वर झाड असले की अंगाची उष्णता थेट आकाशाकडे जात नाही आणि दवही पांघरुणावर पडत नाही.

घोंगडी आणि वाकळ

खाली अंथरायला सर्वांत चांगले काय, याचे उत्तर या भागाला शोधायला बाहेर जावे लागत नाही. आषाढी वारीत तुकोबांच्या पालखीभोवती काटेवाडीत मेंढ्यांचे रिंगण होते. मेंढपाळांचा हा मुलूख आहे. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन बाहेर पडणारी कुटुंबे रात्री शेतात वाघर लावतात, मेंढ्या आत बसवतात आणि स्वतः उघड्यावर झोपतात. त्यांच्याजवळ पिढ्यान्पिढ्या असलेली वस्तू म्हणजे घोंगडी.

दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. स्वेटरला ती चालत नाही, अंगाला टोचते. पण तिचा ताठपणाच इथे कामी येतो. वजन पडले तरी हे केस पूर्ण दबत नाहीत, मधली हवा टिकते. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्क्यांपर्यंत बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही आणि बाष्प शोषताना थोडी उष्णताही सोडते. दवाच्या रात्री सुती गोधडी हार मानते तिथे घोंगडी टिकते ती यामुळे. ताण्याला चिंचोक्यांची खळ देऊन हातमागावर विणलेली घोंगडी सुरुवातीला कडक असते, वापरून मऊ होत जाते. टोचत असेल तर वर सुती चादर टाकावी. साबणात भिजवत बसू नये. ऊन दाखवावे, झटकावी आणि ठेवताना कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा, म्हणजे कसर लागत नाही. मागाशिवाय, लोकर दाबून केलेले जेन मिळाले तर तेही अंथरायला उत्तम.

एक सावधगिरी. घोंगडीवर झोपल्याने मधुमेह जातो, रक्तदाब उतरतो, सांधेदुखी बरी होते, अशा जाहिराती मोबाइलवर फिरतात. असे सिद्ध झालेले नाही. घोंगडी ऊब देते आणि तेवढ्यासाठी ती घ्यावी.

मेंढपाळांची अडचण अशी की लोकरीला भाव नाही. कातरणीची मजुरीही निघत नाही, ही त्यांची जुनी तक्रार. पाळणे आता मांसासाठी. शेजारच्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेने जुळी कोकरे देणारी ‘नारी सुवर्ण’ मेंढी तयार केली, तीही मांस उत्पादन वाढवण्यासाठीच. त्यामुळे हाताने विणलेली घोंगडी महाग आणि दुर्मीळ होत चालली आहे, आणि बाजारात घोंगडी म्हणून कृत्रिम धाग्याची भेसळही विकली जाते. कडेचा एक धागा काढून जाळून पाहावा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि बोटांनी चुरगळणारी राख होते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो.

घोंगडी परवडत नसेल, तर वाकळ आहेच. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेली. तिची ताकद थरांत आहे, कारण प्रत्येक दोन थरांमध्ये हवा अडकते. अंथरायची वाकळ जाड आणि दाट टाक्यांची, पांघरायची हलकी आणि विरळ टाक्यांची, असा जुन्या बायकांचा हिशेब असे. तो भौतिकशास्त्राला धरूनच आहे. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर पांघरायला छान, पण एकटी चादर फरशीवर अंथरून उपयोग नाही.

कोपीतली रात्र

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात असे अनेक साखर कारखाने एकमेकांपासून काही कोसांवर आहेत. हंगामात बीड, अहिल्यानगर, धाराशिव आणि अन्य भागांतून कोयता घेऊन कुटुंबे येतात. बांबू, तट्ट्या, ताडपत्री आणि पाचट यांची कोपी उभी राहते. खाली जमीन, बहुतेक वेळा पाण्याने भिजलेल्या रानाच्या कडेची. पहाटे तीन-चारला उठून फडात जायचे. म्हणजे ज्या तासाला घरातला माणूस पांघरुणात आक्रसतो, त्या तासाला ही माणसे दव पडलेल्या उसात उभी असतात, आणि लहान मुले कोपीत झोपलेली.

दर हिवाळ्यात सामाजिक संस्था, मंडळे, शाळांचे गट या तळांवर ब्लँकेटवाटप करतात. हेतू चांगला आहे. पण वाटले जाते ते बहुधा पातळ, कृत्रिम धाग्याचे पांघरूण, आणि ओल्या जमिनीवर त्याचा निम्मा उपयोग वाया जातो. त्याच पैशांत प्रत्येक कुटुंबाला जमिनीवर टाकायला जाड ताडपत्री आणि तिच्यावर घालायला फोमची चटई किंवा जाड वाकळ दिली, तर मुलांची रात्र खरोखर बदलेल. यंदा वाटप ठरवणाऱ्यांनी यादीत पांघरुणाआधी अंथरूण लिहावे. फोटोत ते कमी शोभेल, एवढेच.

तोवर हाताशी असलेली वस्तू म्हणजे वाळलेले पाचट. धान्याच्या रिकाम्या पोत्यात कोरडे पाचट किंवा कडब्याची कुट्टी सैलसर भरून तोंड शिवले की वीतभर जाडीची गादी होते. मोकळे पाचट पसरण्यापेक्षा पोते बरे, कारण ते उचलून उन्हात टाकता येते आणि त्यात विंचू-काटा शिरण्याची भीती कमी राहते. चूल मात्र कोपीपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. पाचटाला ठिणगी पुरते. मच्छरदाणी असेल तर तिच्या कडा अंथरुणाखाली खोचून घ्याव्यात. जमिनीवर झोपलेल्यांना मण्यार चावते ती झोपेत, आणि खोचलेली जाळी तिला अडवते.

शेगडी खोलीत नको

या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे. बंद खोलीत पेटती शेगडी, घमेल्यातले निखारे किंवा गोवऱ्यांचा विस्तव ठेवून झोपू नये. धूर निघून गेला, आता नुसता लाल विस्तव आहे, म्हणजे धोका संपला, हा समज जीवघेणा आहे. कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणूस जागा असेल तर डोके दुखते, मळमळते, पाय लटपटतात. झोपलेला असेल तर झोप फक्त गाढ होत जाते.

एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, तर थंडी-तापाचा विचार नंतर करावा. आधी दारे उघडून सर्वांना मोकळ्या हवेत आणावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांना खोलीत शेगडी होती हे आवर्जून सांगावे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर यात फसवते. या वायूने भरलेले रक्तही त्याला प्राणवायूने भरलेले वाटते आणि आकडा नेहमीसारखाच दिसतो.

बाळंतिणीच्या खोलीत हा धोका दुप्पट. बाजेखाली शेगडी, ओवा-शेपांची धुरी आणि वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, ही पद्धत अजून चालते. शेक घ्यायचा असेल तर दार उघडे ठेवून, घरातले कोणी जागे असताना, आणि शेक झाला की शेगडी लगेच अंगणात. धुरी मात्र बाळाजवळ नकोच. नुकतीच श्वास घ्यायला लागलेली फुप्फुसे ती. बाळाला ऊब देण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आईच्या उघड्या छातीशी धरून वरून दोघांना पांघरणे हा आहे. कोलंबियातील बोगोटाच्या रुग्णालयात १९७०च्या दशकाच्या अखेरीस काचपेट्या अपुऱ्या पडल्या तेव्हा डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली, आज ती ‘कांगारू मदर केअर’ म्हणून आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांतही शिकवतात. टोपडे, पायमोजे घालावेत. जड रग बाळाच्या अंगावर नको आणि तोंड कधीच झाकू नये. बाळाचे पोट गार लागत असेल, दूध ओढत नसेल, ते मलूल पडले असेल तर घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठावा.

म्हातारी माणसे आणि गरम पाण्याची पिशवी

उतारवयात थंडी वाजल्याची जाणीवच कमी होते. आजोबा ‘मला काही थंडी नाही’ म्हणतात आणि हात बर्फासारखे असतात. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की तो वैद्यकीय धोका, आणि अशक्त माणसाला त्यासाठी हिमालय लागत नाही. पहाटे लघवीला उठताना उबदार अंथरुणातून एकदम गार फरशीवर उतरू नये. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. मिनिटभर बसावे, स्वेटर चढवावा, चप्पल घालावी, मग उठावे.

गरम पाण्याची पिशवी झोपण्यापूर्वी अंथरुणात ठेवून झोपताना काढून घेणे सर्वांत चांगले. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर ती रात्रभर पायाशी ठेवू नये. हाताला फक्त कोमट-गरम वाटणारी पिशवीही काही तासांत कातडी भाजते आणि ते सकाळी कळते. विजेचे ब्लँकेट घडी घालून किंवा अंगाखाली चुरगळून वापरू नये, वायर तुटून आग लागते.

दारूने ऊब येते, हा भ्रम आहे. ती कातडीकडे रक्त आणते, म्हणून गरम वाटते, आणि तेवढ्याच वेगाने आतली उष्णता बाहेर जाते. डोक्यातून निम्मी उष्णता जाते, असेही सांगतात; प्रत्यक्षात ती सुमारे एक दशांशच. तरी कानटोपी घालावी, कारण पांघरुणाबाहेर राहणारा तेवढाच भाग असतो. तोंडावरून पांघरूण ओढण्यापेक्षा ते बरे. श्वासाच्या वाफेने पांघरूण आतून दमट होते आणि पहाटे तेच गार लागते.

पाय मात्र दुर्लक्षू नयेत. स्वित्झर्लंडमधील बाझल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात दाखवले होते की पाय उबदार असले की झोप लवकर लागते. शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असेल, तर गव्हाला नाहीतर उसाला पाणी धरून माणूस मध्यरात्री ओल्या पायांनी घरी येतो आणि तसाच पांघरुणात शिरतो. पाय कोमट पाण्याने धुवावेत, बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या कराव्यात आणि लोकरीचे मोजे घालावेत. मोजे सैल हवेत. घट्ट मोज्याने रक्त अडते आणि पाय सकाळपर्यंत गारच राहतात.